स्विच बंद?

जालना, १४ सप्टेंबर १९९८

सरोज,

तू गेल्याला आज नऊ दिवस झाले. पत्र सुरू करायची ही माझी चौथी खेप. एक फाडलं, एक दवाखान्यात नंबर लागेपर्यंत लिहीत होतो ते तिथल्याच बाकावर राहिलं, आणि एकाची सुरुवातच जमेना. फोनही केले, ते तुला माहीत आहे. तुझ्या गुवाहाटीच्या क्वार्टरवर दोनदा मला सांगण्यात आलं की सरोजिनी मॅडम घरी नाहीत, आणि सांगणारा आवाज तुझाच होता. तेव्हा आता पत्रच.

तुझ्या गिरणीचं शेपूट दुरुस्त झालं का? रागावू नकोस. हेलिकॉप्टरला गिरणी म्हणायची माझी सवय तू वैमानिक होण्याच्या फार आधीची आहे. आवाज मोठा, धूळ मोठी, आणि बघावं तर जागच्या जागी. ज्या घरात बावीस वर्षं विमान उडवलेला माणूस आहे, त्या घरातली मुलगी गिरणीवर जाऊन बसली, तर बापानं एवढंही बोलू नये का?

आणि शेपूट एका शिडीला घासलं म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नकोस. हवेत झाला तर तो अपघात. जमिनीवर होते ती नुसती धडपड, आणि ती कोणाची झालेली नाही? भोकरदनला फवारणीच्या कॅम्पवर असताना एकदा मी इंजिनाला पुरता जोर दिला तरी विमान जागचं हलेना. नुसतं थरथरतंय, मागे धुळीचा लोट उठलाय, मी घड्याळांवर टकटक करून बघतोय. आमच्याच कंपनीत भुजंगराव म्हणून वडीगोद्रीचे गृहस्थ हेलिकॉप्टर उडवायचे. ते शांतपणे पंखाजवळ आले आणि म्हणाले, "नरहरराव, कासरा सोडा की आधी." शेपटीचा दोर खुंटीला तसाच बांधलेला होता. पुढे महिनाभर कॅम्पवर कोणी भेटलं की मला कासऱ्याची चौकशी.

तर असं असतं. हसायचं आणि सोडून द्यायचं. तू मात्र तीन पानी रिपोर्ट लिहिलास, मागे वळून खात्री केली नाही ही माझी चूक, असं स्वतःच्या सहीनं दिलंस, आणि तीन महिने उड्डाण बंद करून घेतलंस. तू जायच्या आदल्या रात्री जेवताना मी एवढंच म्हणालो की खालून इशारा करणाऱ्या माणसाचं नाव घालायचं होतंस, त्यानं हात हलवला म्हणूनच तू वळवलंस ना. मी तुझ्या भल्यासाठी बोललो. त्यावर तू ताटावरून हात काढून विचारलंस, "बाबा, रामकिसनकाकांचा हात गेला तेव्हा स्विच बंद होता का?"

तू त्याच दिवशी धावड्याला जाऊन रामकिसनला भेटून आली होतीस, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला कोणी सांगत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या चौकशीच्या कागदात आहे. सगळं तेव्हाच लिहून झालंय. मी त्या रात्री उठून गेलो ते पोटात दुखत होतं म्हणून.

आईची तब्येत बरी आहे. उत्तर पाठव.

बाबा


जालना, २७ सप्टेंबर १९९८

सरोज,

उत्तर नाही. रोज अकरा वाजता पोस्टमन गल्लीत शिरतो तेव्हा मी दारात उभा असतो. काल त्यानंच मला लांबून मान हलवून दाखवली.

तुला बिलकुल काही माहीत नाही आणि तू निकाल देऊन मोकळी झालीस, म्हणून सविस्तर लिहितो. त्या वेळी तू अकरा वर्षांची होतीस.

सप्टेंबर १९८४. कपाशीवर अळी पडली होती आणि आमच्या फवारणी कंपनीनं भोकरदनच्या बाहेर एका पडीक रानात कॅम्प टाकला होता. सपाट रानं माझ्या विमानाकडे, आणि वर अजिंठ्याच्या डोंगराच्या कडेची शेतं भुजंगरावांच्या हेलिकॉप्टरकडे. दिवसभर काम आणि दिवसभर एकमेकांची उणीदुणी. ते माझ्या विमानाला एसटी म्हणायचे, कारण ती स्टँड असल्याशिवाय थांबत नाही. वर म्हणायचे, मला तहान लागली तर मी बांधावर उतरून पाणी पितो, तुम्हाला पाण्यासाठी भोकरदन गाठावं लागतं. एकदा त्यांनी हेलिकॉप्टर जेवणाच्या तंबूजवळ आणलं तर तंबू उडून बाभळीवर, आणि बारा माणसांच्या भाकरीवर बोटभर माती. मी ती भाकरी तशीच पुढ्यात धरून त्यांना म्हणालो, घ्या, तुमच्या गिरणीचं पीठ. चांगले दिवस होते.

रामकिसन धावड्याचा. टाकीत औषध भरायचं, शेताच्या कडेला निशाण धरायचं आणि बॅटरी उतरली असली की हातानं प्रोपेलर फिरवून इंजिन चालू करून द्यायचं, हे त्याचं काम. हुशार माणूस. हाताला वळण होतं. मिस्त्री नसला तर प्लग साफ करून परत बसवायचा, आणि बरोबर बसवायचा. तुला कॅम्पवर आणलं होतं तेव्हा त्यानंच उचलून माझ्या सीटवर बसवलं होतं.

हातानं चालू करायची पद्धत तुला ठाऊक असेल, तरी लिहितो. आधी स्विच बंद ठेवून तीन-चार वेळा प्रोपेलर सावकाश फिरवायचा, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जातं. हे करताना माणूस पात्याच्या अगदी जवळ असतो, कारण इंजिन मेलेलं असतं. मग मागे सरायचं, वैमानिकानं स्विच चालू करायचा, आणि एक जोराचा हिसका देऊन लगेच बाजूला व्हायचं. फिरवणारा दर वेळी विचारतो, वैमानिक उत्तर देतो. त्या दिवशी त्यानं विचारलं, मी 'चालू' म्हणालो, त्याला 'बंद' ऐकू आलं. तो जवळ गेला, इंजिन उसळलं आणि उजवा हात कोपराखाली गेला. वाईट झालं. फार वाईट झालं. पण चौकशीत त्यानं स्वतः कबूल केलं की आपल्या ऐकण्यात फरक पडला असेल. त्याच्या अंगठ्याची निशाणी आहे, डाव्या.

शिवाय हेही तुला माहीत हवं की स्विच बंद असला तरी आतली वायर तुटली असेल तर इंजिन जिवंत राहतं. असे प्रकार झालेले आहेत. तू हेलिकॉप्टरवाली, तुला त्यातलं कळायचं नाही.

हे पत्र पोहोचल्यावर तरी फोन घे.

बाबा


जालना, ५ ऑक्टोबर १९९८

सरोज,

मागचं पत्र पाकिटात घालायच्या आधी तुझ्या आईनं वाचलं. तुला ठाऊकच आहे, तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि मला म्हणाली, "तुम्ही 'चालू' म्हणाला असाल तर वायरीचा प्रश्न येतोच कुठे? स्विच चालूच होता. आणि वायर तुटली असेल तर तुम्ही 'बंद' म्हणाला होतात. दोन्हीतलं एक काहीतरी सांगा."

मी तिच्यावर ओरडलो. तिला त्यातलं काय कळतं म्हणालो, चप्पल घातली आणि मोती तलावापर्यंत चालत गेलो. तिथं बसवेना म्हणून परत आलो. परत आल्यावर घरात बसवेना म्हणून पुन्हा निघालो. तिनं पाकीट बंद करून स्वतःच पोस्टात टाकलं होतं. त्याला आठ दिवस झाले. ती माझ्याशी वाढू का आणि पुरे का, एवढंच बोलते. तुझा फोन येतो तेव्हा दार लोटून घेते. मला बाहेर फक्त तिचं हूं ऐकू येतं.

तेव्हा एक गोष्ट लिहितो. वायर शाबूत होती. मिस्त्रीनं त्याच संध्याकाळी माझ्यासमोर तपासली होती.

आज एवढंच.

बाबा


जालना, १३ ऑक्टोबर १९९८

सरोज,

काल वडीगोद्रीला जाऊन आलो. खरं तर निघालो होतो धावड्याला. तीन दिवसांपूर्वी भोकरदनच्या बसमध्ये बसलो आणि राजूरला उतरलो. वाटलं, देवळात जाऊन येऊ, मग पुढे जाऊ. देवळातही गेलो नाही. उलट्या बसनं घरी आलो. मग मनाशी म्हटलं, आधी भुजंगरावांना भेटावं. त्या सकाळी थेट माझ्याकडे बघत असलेला तेवढा एकच माणूस होता. त्यांनी काय पाहिलं ते विचारावं. मला वाटतं, मला आशा होती की त्यांना काही आठवत नसेल.

कंपनी बंद पडल्यापासून ते मोसंबीच्या बागेत रमलेत. कान गेलेत थोडे, हेलिकॉप्टरवाल्यांचे जातातच. मला पाहून आनंद झाला. बायकोला हाक मारून म्हणाले, एसटी आली बघ आपल्या दारात. मी नेहमीसारखं काही उलटं बोललो नाही तसे खाली बघून मोसंबी सोलत राहिले. मी विचारलं, भुजंगराव, त्या दिवशी तुम्ही किती लांब होता? ते म्हणाले, पन्नास पावलं. मी म्हटलं, काय दिसलं?

त्यांनी हातातली फोड खाली ठेवली.

"नरहरराव, 'बंद' म्हणलात तवा तुमचे दोन्ही हात वर व्हते. मंग स्विच बंद कोन्या हातानं केला?"

आता सांगतो ते नीट वाच. हे मी कागदावर पहिल्यांदा लिहितोय.

त्या सकाळी बॅटरी उतरली होती. मी स्विच चालू करून स्टार्टर दाबून पाहिला, इंजिन नुसतं कण्हलं. तिकडून भुजंगराव ओरडले की एसटीला धक्का मारायला पॅसेंजर पाठवू का. ते आपलं हेलिकॉप्टर पुसत उभे होते. सगळा कॅम्प हसला. मला उत्तर द्यायचं होतं. काय द्यावं हे मी शोधत होतो, सरोज, तेवढंच माझ्या डोक्यात होतं. तोवर रामकिसन पुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, साहेब, स्विच बंद? मी त्याच्याकडे बघितलं नाही. स्विचकडेही बघितलं नाही. 'बंद, बंद' म्हणालो, सीटवर अर्धा उभा राहिलो, दोन्ही हात डोक्यावर नेऊन गरागरा फिरवले आणि भुजंगरावांना ओरडून म्हणालो की आधी तुमची गिरणी दळायला लावा.

त्यांना हसू आलेलं मला दिसलं. मग त्यांचा चेहरा बदलला. मी आवाजाकडे वळलो तेव्हा सगळं झालं होतं.

स्विच मी नंतर बंद केला. माझं बोट त्यावर होतं आणि तो वर, म्हणजे चालू होता, हे मला चौदा वर्षं रोज जाणवतं. रामकिसनला जीपमधून नेलं. संध्याकाळी मालक आला आणि म्हणाला, परतूरकर, वैमानिकाची चूक निघाली तर लायसन जाईल आणि कंपनीही जाईल, नीट आठवून सांगा. मी नीट आठवून सांगितलं. मी चालू म्हणालो, त्यानं बंद ऐकलं. इतकं सोपं वाक्य होतं. चूक मजुराची ठरली, कंपनीनं हात झटकले, आणि पुढची चार वर्षं मी उडत राहिलो.

भुजंगरावांना मी विचारलं, तुम्ही चौकशीत बोलला का नाहीत. ते म्हणाले, मला कोणी इचारलंच न्हाई. मग म्हणाले, इचारलं असतं तरी सांगितलं असतं का, ते बी माहीत न्हाई, बोलणारा मीच व्हतो ना तुमच्याशी. बसपर्यंत पोचवायला आले.

घरी येऊन तुझ्या आईला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, निवडलेली भाजी आणि देठं एकातच टाकली आणि आत गेली.

तू मला विचारलंस त्याचं उत्तर हे आहे. नाही. स्विच बंद नव्हता.

बाबा


जालना, ४ नोव्हेंबर १९९८

सरोज,

दिवाळी अशीच गेली. तुझ्या आईनं चकल्या केल्या, त्या कोणी खाल्ल्या नाहीत. काल धावड्याला गेलो. या वेळी राजूरला सीटची दांडी धरून बसून राहिलो.

धावड्यात बस थांबते तिथं एका हॉटेलवाल्याला रामकिसनचं घर विचारलं. तो म्हणाला, "कोन्ता रामकिसन? भैरा का?" मला कळेना. मी म्हटलं, हात नसलेला. तो म्हणाला, तोच, भैरा रामकिसन. बहिरा म्हणून गावात त्याचं नाव पडलंय, सरोज. तू गेली होतीस तेव्हा तुला कळलं असेल. तू मला सांगितलं नाहीस. बरं केलंस. मी तेव्हा त्यावरही काही बोललो असतो.

रामकिसन अंगणात बसून वेचलेल्या कापसातली पानं काढत होता, पायानं गोणी दाबून, डाव्या हातानं. मी फाटकाशी पोचायच्या आधीच त्यानं मान वर केली. माझ्या चपलेचा आवाज त्याला वीस पावलांवरून आला होता. मला ओळखलं, लगबगीनं उठला, साहेब आले म्हणून आत हाक मारली. द्वारकाबाईंनी बाज टाकली, चहा ठेवला. तुझी चौकशी केली. पोरगी लई गुणाची, म्हणाला, सवताची चूक सवता लिहून देती.

मी बाजेवर बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो असतो तर चहा घेतला असता, आणि चहा घेतला असता तर मग उद्यावर गेलं असतं. मी बसमध्ये पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, रामकिसन, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, स्विच बंद का, आणि मी बंद म्हणालो. स्विच चालू होता. मी बघितलं नव्हतं. चौकशीत मी खोटं बोललो.

मग त्यानं अगदी हळू विचारलं, "तुम्ही काय म्हणले व्हते, साहेब? परत सांगा."

"बंद."

त्यानं मागे वळून बायकोला सांगितलं, "ऐकलं का? बंदच म्हणले व्हते. मला बराबर ऐकू आल्तं."

हे तो तीनदा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, सरोज. हरवलेली वस्तू घरातच सापडली की माणूस बोलतो, तसा बोलला. त्यानं जालन्याला येऊन दोनदा कान तपासून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. तरी त्यानं डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला.

राग आला तो द्वारकाबाईंना. त्या चुलीपुढून उठल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, चौदा वर्सं ह्यो माणूस जेवता जेवता थांबतो आन् मला इचारतो, द्वारका, मी असं कसं ऐकलं. मी काय सांगू त्याला? गावानं नाव ठिवलं, ते बी त्यानं घेतलं, म्हणला, बराबरच हाये त्येंचं. एवढं बोलून त्यांनी उकळी आलेला चहा उतरवला आणि राखेवर ओतून दिला.

तेवढ्यात मुलगा रानातून आला. पुंजाराम, तुझ्याहून वर्षाभरानं लहान असेल. डोक्यावर कापसाचं गाठोडं. रामकिसननं त्याला गाठोडं उतरवू दिलं नाही, तसंच उभं करून मला म्हणाला, ह्याला बी सांगा. मी पुन्हा सगळं सांगितलं. मला माहीत नव्हतं की त्याला का सांगायचं. मग कळलं. पुंजारामला सतराव्या वर्षी जालन्याच्या आयटीआयला मोटार मेकॅनिकची जागा मिळाली होती. बापानं जाऊ दिलं नाही. आपल्या घराण्याचे कान यंत्राच्या कामाचे न्हाईत, म्हणाला, तुझा बी हात जाईल. पोरगं ऐकणारं, राहिलं रानात. गावातल्या मोटारी गुपचूप दुरुस्त करून देतं, बापाला कळू न देता.

पुंजारामनं गाठोडं खाली ठेवलं. बापाकडे बघून म्हणाला, "मंग माझे कान बी बराबर व्हते, दादा."

रामकिसननं मान खाली घातली. माझ्यामुळे त्याची मान खाली जाताना मी दुसऱ्यांदा पाहिली. पहिल्यांदा चौकशीच्या टेबलासमोर पाहिली होती. पुंजाराम हात धुऊन मागच्या दारानं निघून गेला.

मग रामकिसन बदलला. ताठ बसला. मला म्हणाला, हे लिहून द्या. शेजारच्या घरातून वहीचा कागद आला. मी बाजेवर कागद ठेवून, गुडघ्यावर बसून लिहिलं. सही केली, तारीख टाकली. तो म्हणाला, आता मोठ्यानं वाचा. अंगणात तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती, हॉटेलवालाही होता. मी वाचलं. 'बंद' या शब्दावर रामकिसननं मला थांबवलं आणि तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली. कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला.

मी म्हटलं, मला माफ करा म्हणायचा अधिकार नाही, तरी म्हणतो. तो फाटकापर्यंत आला. तिथं म्हणाला, "साहेब, आले ते बरं केलं. आता परत येऊ नका."

बस यायला दीड तास होता. थांबलो नाही, वालसावंगीच्या रस्त्यानं भलत्याच दिशेला चालत सुटलो. एका ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

बाबा


जालना, १७ जानेवारी १९९९

सरोज,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळींचं आहे. मी ते किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. त्यात तू मला माफ केलं असं कुठं नाही, ते मी शोधायचंही सोडून दिलंय. तू विचारलंस की पुढे काय केलं, म्हणून लिहितो.

धावड्याला दिलेल्या कागदाची नक्कल लायसनच्या ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवली. दोन महिने झाले, पोचपावतीशिवाय काही आलेलं नाही. कंपनीच्या मालकाला पाठवलेलं पत्र परत आलं, तो वारून तीन वर्षं झाली. म्हणजे शिक्षा करायला कोणी उरलेलं नाही. हे चांगलं वाटायला हवं होतं. मी तर रोज पोस्टमनची वाट पाहतो की कोणीतरी मला बोलावेल.

भुजंगरावांनी परस्पर एक गोष्ट केली. त्यांच्या पुतण्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं पुंजारामला कामाला घेतो म्हणून निरोप पाठवला. पुंजारामनं नाही म्हटलं. तुमच्या दोघांपैकी कोणाचंच काही नको, असं सांगितलं. भुजंगराव मला फोनवर हे सांगताना पहिल्यांदाच कुठलाही विनोद न करता बोलले. मीही केला नाही. परवा तुझ्या आईला धावड्याकडची एक ओळखीची शिक्षिका भेटली. ती म्हणाली, पुंजारामनं भोकरदनच्या स्टँडमागे एक टपरी भाड्यानं घेतलीय आणि मोटारसायकली दुरुस्त करतो. रामकिसन सकाळी त्याच्याबरोबर बसनं येतो, दिवसभर टपरीत बसतो. इंजिन चालू केलं की तो नुसता ऐकून सांगतो कुठं बिघाड आहे. बरोबर सांगतो, म्हणे. गिऱ्हाईक खास त्याला विचारायला येतं.

तुझी आई आता बोलते. कालच म्हणाली, तुमचा तो बिनअपघाती बावीस वर्षांचा दाखला बैठकीतून काढा, तिथं कॅलेंडर लावायचंय. काढला.

तू लिहिलंस की मार्चमध्ये रजा आहे, आधी रामकिसनकाकांकडे जाईन आणि मग घरी. तसंच कर. त्यांच्यासमोर माझ्या बाजूनं एक शब्द बोलू नकोस. तुला त्यांची टपरी सापडायला वेळ लागणार नाही.

मला त्यांनी येऊ नका म्हटलंय, ते मी पाळतोय. पण त्या दिवशी मी भोकरदनच्या स्टँडवर येईन आणि पुढच्या बाजूला, जालन्याची गाडी लागते तिथं बाकावर बसेन. मागे येणार नाही. तुझं बोलणं होईल तेवढं होऊ दे. आलीस की मला काही सांगायलाच हवं असं नाही. शेजारी बसलीस तरी चालेल.

बाबा